न लावलेलं मलम

क्रीम बरणीत भरून झालं आणि यंत्राची नळी वर उचलली, की मागं एक टोक उरतं. क्रीम पातळ असेल तर ते लगेच बसून सपाट होतं. फार घट्ट असेल तर सुईसारखं ताठ राहतं. नीट जमलेल्या क्रीमचं टोक उभं राहतं आणि शेवटी जरासं एका बाजूला कलतं. बरणी उघडून कुणी पहिल्यांदा बोट घातलं, की ते मोडतं.

अव्वाच्या खोलीतल्या कोनाड्यातली बरणी मी उघडली, तेव्हा टोक जागच्या जागी होतं. डावीकडे कललेलं. ही बरणी मी दिवाळीच्या आधी आणून दिली होती. आज भोगी होती.

“मलम लावतेस ना रोज?” मी आतूनच विचारलं.

“लावती की,” अव्वा बाहेरून म्हणाली.

मी झाकण फिरवून बरणी परत ठेवली. फाटकाशी जीप उभी होती. आजच्या दिवसाची सुरुवात भांडणानं करायची माझी इच्छा नव्हती. मी तिला न्यायला आले होते.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी कुपवाडच्या एमआयडीसीत क्रीम बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. अव्वा, म्हणजे माझी आई, राहायची ती कुष्ठरोग्यांची वसाहत मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीलगत, एका माळावर होती. मी पहिलीत असताना वडिलांनी तिला तिथं नेऊन सोडलं आणि मला मामाकडे ठेवलं. वडील त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मामा वर्षातून दोनदा मला भेटीला न्यायचा. भेटीसाठी एक पत्र्याची शेड होती. तिथं एक लांब बाक होतं. त्याच्या एका टोकाला अव्वा, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये मामा. मी शाळेतल्या कविता म्हणून दाखवायची. ती मान डोलवायची आणि पदर तोंडाशी धरून बसायची. निघताना ती हात पुढं करायची नाही, आणि मामा मला तिच्याजवळ जाऊ द्यायचा नाही.

पुढं नवी औषधं आली. अव्वाचा आजार पुरता बरा झाला, तसं डॉक्टरांनी लिहूनही दिलं. पण आजारानं मारलेल्या नसा परत जिवंत होत नाहीत. तिच्या हातापायांना स्पर्श कळत नव्हता, बोटं आत वळून राहिली होती आणि डाव्या टाचेला एक जखम होती. ती भरत यायची आणि पुन्हा उकलायची.

“टाच भरली की येती तुझ्याकडं,” असं ती म्हणायची. मी नोकरीला लागले त्या वर्षापासून म्हणत होती.

मी सांगलीत विश्रामबागेत जागा घेतली ती तळमजल्यावर, तिच्यासाठी. तिच्या खोलीचा उंबरा काढून टाकला, कारण ठेच लागली तरी तिला कळली नसती. नळ असे बसवले, की कोपरानं फिरवता यावेत. खिडकीशी पलंग ठेवला. त्या पलंगावर कधी कुणी झोपलं नाही. दर रविवारी मी चादर बदलायची. कामावरून आले की चहा घेऊन त्या खोलीत बसायची आणि दार उघडं ठेवायची. चहा दोन कप करायची सवय मला कधी लागली ते आठवत नाही. दुसरा कप नंतर मीच प्यायची, गार झाल्यावर.

मागच्या भेटीत अव्वा आपणहून म्हणाली होती, “फुडच्या बारीला गाडी घिऊन ये. बगू.” त्या ‘बगू’ला धरून मी मालक चौगुलेसाहेबांकडून कारखान्याची जीप मागून घेतली होती.

मी बाहेर आले. अव्वा पायरीवर बसली होती, पाय बादलीत सोडून. तिच्या शेजारी हौसाक्का, तिचेही पाय बादलीत. समोरच्या ओळीतही सगळे असेच बसले होते. वसाहतीत सकाळची ही रीतच होती. मेलेल्या नसांच्या कातडीला घाम येत नाही. ती उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी तडकते, भेगेतून जखम होते, आणि दुखत नसल्यामुळं माणूस तशाच जखमेवर दिवसभर चालतो. म्हणून रोज पाय भिजवायचे, दगडानं घासायचे आणि ओल आत आहे तोवर वरून तेल नाहीतर मलम लावायचं.

“नंदा आली व्हय?” हौसाक्कानं मान वर केली. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. “जीप आणलीस म्हणं. गेटावरचा तुका सांगत हुता, कलेक्टरीणबाई आल्यात.”

“कारखान्याची आहे गं. मागं रिकामे डबे आहेत, वाजत आलेत सगळ्या वाटेनं.”

“वाजू दे की. नवरीची वरात वाजतच निघती.” तिनं कोपरानं अव्वाला ढोसलं. “काय गं नवरी?”

“गप बस, म्हातारे,” अव्वा म्हणाली.

“हौसाक्का, तूच सांग हिला. दुपारी ऊन वाढायच्या आत निघायला हवं.”

“मी सांगू? मी तर कवाधरनं सांगतीय, जा बाई लेकीकडं, माझ्यामागची कटकट घालीव.”

अव्वानं पाय बादलीतून काढून फडक्यावर ठेवले आणि म्हणाली, “बघ, अक्का.”

हौसाक्कानं हात पुढं केले. तिच्या तळहातांमध्ये थोडी जाण शिल्लक होती. अव्वाची पावलं तिनं दोन्ही हातांत घेतली आणि बोटांच्या मुळांपासून टाचेपर्यंत हात सावकाश सरकवत नेले. कुठं आतून दुखावलं असेल, तर वर काही दिसायच्या आधी तिथली कातडी हाताला गरम लागते. ती ऊब हौसाक्का शोधत होती.

“हितं जरा ताप हाय. काल लई चाललीस.”

“पाणी आणाय गेलती.”

“पाणी आणाय गं? तुला दोनदा सांगितलं, तुकाला सांग म्हणून.”

मग पाळी उलटी झाली. हौसाक्कानं पाय वर केले आणि अव्वानं ते मांडीवर घेऊन उजेडाकडे वळवले. बोटांच्या बेचक्यांत, तळव्याखाली, टाचेच्या कडेनं बारकाईनं पाहिलं. एका ठिकाणी बारीक काटा रुतला होता. तिनं तो दातांनी ओढून काढला आणि थुंकला.

“बाभळीचा,” ती म्हणाली.

“मला ठावंबी न्हाई बघ,” हौसाक्का माझ्याकडे तोंड करून म्हणाली. “हिचं डोळं नि माझं हात. एक धडकं माणूस हुतंय आमचं दोघींचं मिळून.”

मी दर भेटीत दोन बरण्या आणायची, एक अव्वाला, एक हौसाक्काला. हौसाक्काची बरणी तळाला गेली होती. अव्वानं मनगटाच्या बाजूनं ती कडेकडेनं खरवडली, क्रीम हौसाक्काच्या टाचांवर उतरवलं आणि वळलेल्या बोटांच्या पाठीनं पसरत गेली. हौसाक्काच्या टाचा पाहून मला मनातून अभिमान वाटला. त्या सत्तरीतल्या, जन्मभर अनवाणी हिंडलेल्या बाईच्या टाचा होत्या, आणि भेग औषधालाही उरली नव्हती.

लावून झाल्यावर अव्वाच्या हातांना बरंच क्रीम राहिलं होतं. तिची स्वतःची टाच समोरच होती, कोरडी, पांढरट, जखमेच्या कडा कवचासारख्या झालेल्या. अव्वानं फडकं घेतलं आणि हात स्वच्छ पुसून टाकले.

ते मी पाहिलं. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

*

“जेवून जायचं. भोगी हाय,” अव्वानं सांगितलं. “भोगीचं कुणी उपाशी घराबाहीर पडतंय का?”

जेवायला बसलो. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, पावट्याची, वांग्याची, गाजराची, हरभऱ्याची एकत्र भाजी, वर लोण्याचा गोळा. ड्रायव्हर दस्तगीरभाईंना मी ताट जीपपाशीच नेऊन दिलं. ते आधी थोडे घुटमळले. मग म्हणाले, “द्या ताई, वास लई भारी येतोय,” आणि बॉनेटवर ताट ठेवून जेवायला लागले.

अव्वाच्या हाताला पट्ट्यानं चमचा बांधून दिला होता. तिच्या पेल्याभोवती जाड गोधडीच्या कापडाची पट्टी शिवलेली होती, गरम भांड्यानं हात भाजू नये म्हणून. पट्टीवर लाल दोऱ्याचे टाके होते, वेडेवाकडे.

“हे कुणी शिवलं?”

“मी,” हौसाक्का म्हणाली. “दिसत न्हाई म्हणून लाल दोरा घेतला.”

“दिसत नाही तर लाल का?”

“तिला दिसतोय की!”

मग ती भाकरीचा घास हातात धरून गंभीर आवाजात म्हणाली, “न खाई भोगी तो सदा रोगी. मी बाई जन्मल्यापास्नं एक भोगी चुकवल्याली न्हाई. तरी बघ, देवानं काय ठिवलं माझं? मला वाटतंय माझ्या वाटणीचं लोणी सासू चोरून खायची.”

अव्वा हसली. तोंडावर पदर न घेता, खदखदून हसली. सांगलीच्या त्या खोलीत बसून मी कितीतरी वेळा तिची कल्पना केली होती, पलंगावर बसलेली, खिडकीतून बघणारी, माझ्या हातचा चहा पिणारी. त्या कल्पनेत ती कधी अशी हसलेली नव्हती. ती अशी हसते, हेच मला ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि मला वाटलं, हे हसू मला माझ्या घरात हवं आहे. भिंतींना ते ऐकू यायला हवं.

जेवण झाल्यावर अव्वा भांडी आवरायला लागली. मग तुळशीला पाणी घातलं. मग शेजारच्या बाईला हळद देऊन आली. मग म्हणाली, “संक्रांत उद्यावर आली. एवढी संक्रांत झाल्यावर...”

“अव्वा.”

“न्हाई, म्हणलं वसाहतीतल्या बायकास्नी तिळगूळ...”

“जीप मला आजच्यापुरतीच मिळाली आहे. तू बस, मी तुझं सामान बांधते.”

“सामान काय, दोन लुगडी. फडताळात वरच्या कप्प्यात हाईत. खालचं उघडू नगंस, तिथं आडगळ हाय.”

वरच्या कप्प्यात दोन लुगडी, एक शाल आणि माझा पदवीचा फोटो होता. ते मी पलंगावर काढून ठेवलं. खालच्या कप्प्याचं दार आपणहूनच किलकिलं झालं होतं. मी ते पूर्ण उघडलं.

आत बरण्या होत्या.

सगळ्या माझ्या. पुढच्या ओळीत हिरव्या झाकणांच्या, आताच्या. त्यांच्या मागं निळ्या झाकणांच्या, आणि त्यांच्या मागं अगदी पहिल्या, ज्यांना आमच्याकडे लेबलंही नव्हती आणि मी नुसती पांढरी चिठ्ठी चिकटवून आणलेल्या. एकीवरही धूळ नव्हती. मी एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. एकीतही बोट गेलेलं नव्हतं.

“अव्वा, हे काय?”

ती दारात येऊन उभी राहिली. “तुझ्याच बरण्या.”

“लावल्या का नाहीस?”

“तू केल्यालं,” ती म्हणाली. “तुझ्या हातचं. पायाला फासून संपवायचं व्हय?”

“रोज पुसती फडक्यानं!” बाहेरून हौसाक्काचा आवाज आला. “देव्हाऱ्यातल्या देवास्नी आठ दिसांनी अंघोळ, नि बरण्यास्नी रोज!”

मी जमिनीवर बसले आणि बरण्या काढून समोर मांडायला लागले. रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मला जे येतं ते मी करायला लागले. एकेक झाकण उघडून पाहायला लागले.

पहिल्या पांढऱ्या चिठ्ठीच्या बरण्यांमध्ये क्रीम उरलंच नव्हतं. वर पिवळट पाणी, खाली रवाळ गोळा, आणि गोळ्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकाकी. निळ्या झाकणांपैकी काही तशाच होत्या. काही मात्र कडेनं थोड्या सुकल्या होत्या, बाकी धड. हिरव्या झाकणांच्या सगळ्यांत टोक अजून उभं होतं.

कारखान्यात आम्ही नमुने कपाटात ठेवायचो, पण इतक्या वर्षांचे कुणीच ठेवत नाही. मी जे पुस्तकात वाचून आणि अंदाजानं ठरवलं होतं ते इथं ओळीनं माझ्यासमोर होतं.

“खराब झालं का गं?” अव्वानं काळजीनं विचारलं. “मी तर गार जागी ठिवल्यालं.”

“तुझ्यामुळं नाही झालं. माझं मलमच तेव्हा कच्चं होतं.”

हौसाक्का चाचपडत आत आली आणि भिंतीला टेकून बसली. “कच्चं म्हंजी काय? शिजवायला कमी पडलीस?”

“तसंच काहीसं. यात तेल आणि पाणी एकत्र असतं, अक्का. एरवी ते एकत्र राहत नाहीत. त्यांना धरून ठेवायला मेणासारखे पांढरे पापुद्रे वितळवून घालतो आम्ही. खोबरेलासारख्या तेलापासून काढतात ते. त्यांच्यामुळंच क्रीम घट्ट होतं. आधी तुमच्या दवाखान्यातून तेल मिळायचं ना? ते अव्वाच्या हातातून ओघळून जायचं. व्हॅसलीन लावलं की पाय चपलेत सरकायचा. म्हणून मला असं काहीतरी करायचं होतं, की बरणी उलटी केली तरी पडणार नाही, पण मनगटानं खरवडलं तरी निघेल.”

“ते झालंय की,” हौसाक्का म्हणाली. “तुका म्हणत हुता, त्या पापुद्र्याच्या पोत्यावर अल्कोहोल लिवल्यालं असतंय. म्हणून तर म्हातारीला चढतीया म्हणला.”

“नाव तसं आहे. चढत-बिढत नाही काही.”

“मग ह्ये पाणी कशानं सुटलं?”

मी तिच्या हातात एक जुनी आणि एक नवी बरणी दिली. तिनं तळहाताच्या कडेनं दोन्ही चाचपल्या.

“सुरुवातीला मी एकाच जातीचे पापुद्रे घालायची. सिटाइल म्हणतात त्याला. अगदी शुद्ध, महागातलं. शुद्ध म्हणजे चांगलं, असं वाटायचं. क्रीम दिसायला सुरेख व्हायचं. पण सगळे एकाच मापाचे असले, की काही दिवसांनी ते विटांसारखे एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलून देतात. मग मी त्यात दुसरी जात घालायला लागले, स्टिअरिल. त्याचं माप जरा लांब. दोन मापांचे असले की ते तसे चिकटून बसू शकत नाहीत. मध्ये थोडी जागा राहते. त्या जागेत पाणी टिकतं.”

“म्हंजी एकसारखी एकसारखी ठिवली की भांडत्यात.”

“भांडत नाहीत गं. फार जवळ येतात. मग बाकी कशाला जागाच उरत नाही.”

अव्वा हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. एका हिरव्या झाकणाच्या बरणीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “ह्यात दोन हाईत?”

“हो. ह्यात दोन.”

“बरं टिकलंय,” ती म्हणाली.

हौसाक्का उठली. “मी पडती जरा. निघताना हाक मारा म्हंजी झालं.” ती भिंतीच्या कडेनं आपल्या खोलीकडे गेली. दाराशी थांबून, आमच्याकडे पाठ ठेवूनच अव्वाला म्हणाली, “नीलव्वा, जा गं तू. माझ्या पायाचं काय, दवाखान्यातली पोरं बघत्याल.”

अव्वा म्हणाली, “ती पोरं चष्मा लावत्यात नि त्यातनंबी दिसत न्हाई त्यास्नी.”

“काट्यानं काय मरत न्हाई मी.”

“मेल्यावर सांगशील.”

हौसाक्काची काठी फरशीवर वाजत गेली आणि थांबली.

*

मी अव्वाला पायरीवर बसवलं आणि तिच्या पुढ्यात खाली बसले. मला एकदम हलकं वाटत होतं. इतकी वर्षं ती माझं क्रीम जपून ठेवत होती, आणि मी समजत होते की तिला त्याची पर्वा नाही.

“आता ऐक,” मी म्हणाले. “हे सांभाळून ठेवायचं नाही. मी तिथं रोज तुझ्यासाठी नवं करीन. पाहिजे तितकं. डॉक्टर काय म्हणाले, आठवतं ना? टाच ओली आणि मऊ राहिली, तर संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत जखम भरून येईल. पुढं सांभाळली तर पुन्हा उकलणार नाही. पाय इकडं दे.”

मी नव्या बरणीत बोटं बुडवली आणि तिचा डावा पाय माझ्या मांडीवर ओढून घेतला.

तिनं पाय मागं घेतला.

“नगं.”

“अगं, लुगड्याला लागणार नाही. मी पुसते.”

“लुगड्याचं न्हाई. नगं म्हणती ना.”

“पण का?”

माझ्या बोटांवरचं क्रीम तसंच होतं. माळावरून वारा येत होता. तेव्हा मला सकाळचं फडकं आठवलं. हौसाक्काच्या पायांना लावून उरलेलं, तिच्या स्वतःच्या हातांना लागलेलं, बरणीत परत जाऊ न शकणारं क्रीम. तेही तिनं पुसून टाकलं होतं. जपून ठेवणाऱ्या बाईनं ते पुसलं नसतं. ते सरळ समोरच्या टाचेला चोळलं असतं.

“अव्वा, तू हे लावत का नाहीस?”

ती माझ्याकडे न बघता बादलीतल्या पाण्याकडे बघत होती.

“लावलं तर भरंल की ते,” ती म्हणाली.

“भरायलाच लावायचं असतं.”

“भरलं की तू म्हणशील, चल.”

मी हात खाली केला. ओळीतल्या कुणाच्या तरी खोलीत रेडिओ लागला होता आणि मग बंद झाला. अव्वाच्या टाचेकडे मी पाहिलं. मधलं लाल, भोवतीच्या कडा कोरड्या. दर भेटीत मी ती पाहिली होती, दर भेटीत डॉक्टरांना विचारलं होतं, क्रीममधलं एक-एक प्रमाण बदलून पाहिलं होतं. कधी घट्ट केलं, कधी मऊ केलं, कधी ग्लिसरीन वाढवलं. क्रीममध्ये काहीतरी कमी आहे, असं धरून चालले होते.

“तुझं वाईट वाटतंय मला,” अव्वा म्हणाली. “तू एवढं सगळं केलंस. खोली केलीस. उंबरा काढलास म्हणालीस. कोपरानं फिरायचा नळ. मी रोज रातच्याला त्या खोलीत जाऊन येती, मनातनं. खिडकीपाशी बसती. तू येतीस कामावरनं. चा देतीस.”

“मग?”

“मग काय न्हाई.” तिनं नाक ओढलं. “तुला माझी आस हाय. मलाबी तुझी हाय. ती काय आजची हाय? त्या बाकड्यावर बसायचीस तवापास्नं हाय.”

ती इतकं सलग कधीच बोलली नव्हती. बोलताना तिचा एक हात गुडघ्यावरून हौसाक्काच्या खोलीच्या बाजूला सरकला होता आणि भिंतीवर टेकला होता. त्या हाताला भिंत कळत नव्हती, पण तो तिथंच होता. आतून हौसाक्काच्या खोकल्याचा आवाज आला. अव्वानं मान तिकडे वळवली, खोकला थांबेपर्यंत ऐकलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

इतक्या वर्षांत मी तिला ‘कधी येतेस’ एवढंच विचारत आले होते. आता तो प्रश्न माझ्या तोंडून निघेना. दुसरा एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला नको होतं. मला ती हवी होती. मला ती पलंगावर बसलेली हवी होती, त्या दुसऱ्या कपाशी, उघड्या दाराआड.

“अव्वा,” मी विचारलं, “तुला यायचंय का?”

तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत राहिले, मघाशी हौसाक्काच्या तळव्यावर फिरत होते तसे, कुठं काही रुतलंय का ते बघत. मी चेहरा जितका स्थिर ठेवता येईल तितका ठेवला.

एवढ्यात दस्तगीरभाई फाटकाकडून आले. हातात धुतलेलं ताट होतं. ते पायरीपासून थोडं लांब, अदबीनं थांबले.

“मावशी, भाजी एक नंबर झालती बघा,” ते म्हणाले. “ऊन वाढाय लागलंय. सामान कुठंय तुमचं? ठिवू का गाडीत?”

अव्वानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं डावा पाय उचलला आणि आपणहून माझ्या मांडीवर ठेवला.

“सामान न्हाई, बाबा,” ती दस्तगीरभाईंना म्हणाली. “मी येत न्हाई. मी हितंच ऱ्हानार हाय.”